घरच्या विजेसाठी हत्यारांची पिशवी



मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आमच्या माजघरातला दिवा लागेना. बल्ब बदलून पाहिला, तरी तेच. होल्डरमधला स्क्रू सैल झाला असणार, असे निदान मी केले. विजेचा धडा शाळेत नुकताच झाला होता, त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता. दिव्याचे बटण बंद केले, स्टुलावर चढलो, होल्डरचे झाकण फिरवून काढले आणि आतल्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावताना बोट पितळेला टेकले. पुढच्याच क्षणी मी जमिनीवर होतो आणि स्टूल माझ्या अंगावर.

"बटण बंद नव्हतं का केलंस?" आईने विचारले.

"केलं होतं!" मी रडवेल्या आवाजात म्हणालो. आणि ते अगदी खरे होते.

समोरच्या वाड्यात एक वायरमन काका राहत असत. ते आपली खाकी कापडाची पिशवी घेऊन आले. पिशवीतून त्यांनी सर्वांत आधी काढला तो टेस्टर; पण तो घेऊन ते दिव्याकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघरातल्या ज्या सॉकेटवर रेडिओ चालू होता, तिथे त्यांनी तो आधी लावून पाहिला. टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा पेटला. मग तो माजघरातल्या होल्डरला लावला. बटण बंद, तरीही टेस्टर पेटला! मग त्यांनी त्या दिव्याकडे जाणाऱ्या तारेचा फ्यूज काढला आणि पुन्हा होल्डर तपासला. आता टेस्टर पेटला नाही. एवढ्यावर त्यांनी कामाला सुरुवात करायला हवी होती, असे मला वाटले. पण ते पुन्हा स्वयंपाकघरात गेले, रेडिओच्या सॉकेटला टेस्टर लावला, तो पेटतो आहे याची खात्री केली आणि मगच स्टुलावर चढले.

"अरे बाळ," ते म्हणाले, "बटण बंद म्हणजे दिवा बंद, एवढंच. तार बंद आहे असं त्यानं कुठं सांगितलं?"

त्याचे असे होते. घरातल्या प्रत्येक दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेज, म्हणजे तुमच्या पुस्तकातली विद्युन्मय तार. हिचा विद्युतदाब जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट असतो. दुसरी न्यूट्रल, म्हणजे तटस्थ तार. ती वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीशी जोडलेली असते, म्हणून तिचा दाब जमिनीच्या जवळपासच राहतो. परिपथ कुठेही तोडला तरी दिवा विझणारच. पण बटण फेजच्या तारेत असेल, तर ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत वीज पोचत नाही. आमच्या घरी वायरिंग करणाऱ्याने बटण न्यूट्रलच्या तारेत बसवले होते. त्यामुळे दिवा विझे खरा, पण फेज होल्डरमध्ये ठाण मांडून बसलेली असे. कितीतरी वर्षे आम्ही त्याच होल्डरमधले बल्ब बदलत होतो!

त्या दिवशी काकांच्या पिशवीत काय काय आहे ते मी पाहून घेतले. तशीच एक पिशवी आज आपण भरू. मात्र आधी कामाची हद्द ठरवून घेतली पाहिजे. प्लग भिंतीतून उपसून जी वस्तू टेबलावर आणता येते, म्हणजे इस्त्री, टेबलदिवा, जोडवायर, त्या वस्तूवर घरच्या मोठ्या माणसाला सांगून तुम्ही काम करावे. बोर्ड, होल्डर, फ्यूज या भिंतीतल्या गोष्टींना हात लावायचा तो जाणत्या मोठ्या माणसाने. तुम्ही शेजारी उभे राहून विजेरी धरावी आणि बघावे. नवीन वायरिंग हे परवानाधारक वायरमनचे काम. आणि मीटर व त्याच्या अलीकडची तार यांना कोणीच हात लावू नये. ते सील वीज कंपनीचे असते.

आता पिशवी उघडू. पहिला मान टेस्टरचा.

दिसायला हा एक लहानसा स्क्रू ड्रायव्हर. त्याची मूठ पारदर्शक असते. मुठीच्या आत ओळीने चार वस्तू बसवलेल्या असतात: पात्याला टेकलेला एक रोध, त्याला लागून निऑनचा छोटा दिवा, त्यामागे एक स्प्रिंग आणि शेवटी धातूची टोपी. पाते तारेला लावायचे आणि टोपीवर बोट ठेवायचे. फेज असेल तर दिवा नारिंगी रंगाने उजळतो. निऑन हा वायू १८९८ साली रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये द्रवरूप हवेतून वेगळा केला. त्याचा गुण असा, की छोट्या दिव्यात भरलेला हा वायू साधारण ६० ते ९० व्होल्टपर्यंत वीज मुळीच वाहू देत नाही आणि त्यापुढे एकदम वाहू देऊन प्रकाशतो. शिवाय प्रकाशायला त्याला अगदी नगण्य प्रवाह पुरतो.

पण परिपथ पुरा कसा होतो? टेस्टरला तर एकच पाते! तो पुरा होतो तुमच्यामधून. फेज, पाते, रोध, निऑन, टोपी, तुमचे बोट, तुमचे शरीर, जमीन, आणि जमिनीतून परत ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल. म्हणजे टेस्टर लावताना तुम्ही खरोखरच विजेच्या वाटेत उभे असता. मग झटका का बसत नाही? त्या रोधामुळे. तो सुमारे दहा लाख ओहमचा असतो. ओहमचा नियम लावा: २३० भागिले १०,००,००० म्हणजे ०.०००२३ अँपिअर, अर्थात पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी. एवढा प्रवाह आपल्याला जाणवतही नाही. साधारण १ मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या येऊ लागतात. १० मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. त्याहून काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. आता देवघरात लावतात तो मिणमिणता 'झीरोचा' बल्ब घ्या. नाव झीरो असले तरी जुना तारेचा बल्ब सुमारे १५ वॅटचा असे. १५ भागिले २३० म्हणजे ०.०६५ अँपिअर, म्हणजे ६५ मिलिअँपिअर. माणूस मारायला झीरोचा बल्ब पेटवण्याइतकी वीज पुरते, हे लक्षात घ्या.

म्हणून टेस्टरचा जीव त्या रोधात आहे. पाण्यात पडलेला, आत ओल दिसणारा, मूठ तडकलेला टेस्टर सरळ फेकून द्यावा. ओलीमुळे वीज रोधाला वळसा घालून बोटापर्यंत येऊ शकते. उघड्या पात्यावर बोट जाऊ नये म्हणून पात्यावर प्लॅस्टिकची नळी चढवलेला टेस्टर घ्यावा. त्याने घट्ट स्क्रू पिळण्याचा मोह टाळावा, कारण मुठीला तडा जातो तो याच कारणाने.

टेस्टर खोटेही बोलतो, आणि ते दोन्ही प्रकारे. पेटायला हवा तेव्हा न पेटणे हा पहिला आणि अधिक घातक प्रकार. निऑन निकामी झाला असेल, स्प्रिंग सैल असेल, किंवा खिडकीतून लख्ख ऊन येत असेल, तर पेटलेला टेस्टरही विझलेला वाटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर तो मंद दिसतो. मंद का होईना, दिसतो कसा, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. तुमचे शरीर आणि जमीन यांचे मिळून एक धारित्र बनते, आणि घरची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असल्यामुळे धारित्रातून थोडासा प्रवाह जाऊ शकतो. काका टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी आणि पुन्हा चालू सॉकेटवर का लावत होते, ते आता ध्यानात आले असेल. मधल्या तपासणीत टेस्टर पेटला नाही, तर तार मेली आहे की टेस्टर मेला आहे, हे दोन्ही बाजूंच्या तपासण्यांवाचून कळायचे कसे? घरातला मेन स्विचच पाडला असेल तर घरात चालू जागा उरत नाही. मग शेजारच्या घरी जाऊन तपासून यावे. आळस करू नये.

दुसरा प्रकार गमतीचा आहे. एखाद्या खोलीत दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, आणि टेस्टर लावावा तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. "दोन्हीकडे फेज आली!" म्हणून लोक घाबरतात. खरे म्हणजे न्यूट्रलची तार मागे कुठेतरी तुटलेली असते. (जुन्या घरांत न्यूट्रलवरही फ्यूज बसवलेला आढळतो, तो उडाला तरी हेच घडते.) पंख्याचे बटण चालूच असते. फेज पंख्याच्या गुंडाळीतून पलीकडच्या न्यूट्रलच्या तारेत येते. तिथून पुढे वाट तुटलेली, म्हणून ती तारही फेजइतक्याच दाबाला जाऊन बसते. अशा वेळी सगळी बटणे बंद केली की दुसऱ्या भोकातला उजेड विझतो. आता सांगा, दिवा लागत नाही म्हणून काळी तार निर्धास्तपणे हातात धरणाऱ्याचे काय होईल?

तारांच्या रंगांवरही डोळे झाकून विसंबू नये. भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, असा आपल्याकडचा परिपाठ. उपकरणांच्या लवचीक वायरीत बहुधा तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. पण तीन फेज येतात त्या घरात निळी तार हीसुद्धा एक फेज असू शकते. आणि बाजारातून आणलेली लाल तार संपली म्हणून काळी वापरणारे महाभाग काही कमी नाहीत.

दुसरे हत्यार पक्कड. आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटरची पक्कड घरकामाला पुरते. तिचे तोंड नीट पाहा. टोकाला सपाट दातेरी भाग तार धरायला, मध्ये गोलसर दातेरी खोबण नट धरायला, आणि खिळीच्या अगदी जवळ तार तोडायची धार. ही धार टोकाला का नाही? पक्कड म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन तरफा. खिळ हा टेकू. तुमची मूठ टेकूपासून १२ सेंटिमीटरवर आणि धार दीड सेंटिमीटरवर असेल, तर १२ भागिले १.५ म्हणजे ८ पट जोर तारेवर पडतो. टोकापाशी तो दोन-अडीच पटच भरेल. तार धरायला तेवढा बस्स. तोडायला मात्र आठ पट हवा.

पकडीच्या मुठींवर लाल किंवा पिवळे प्लॅस्टिक असते, त्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. ते बहुतेक पकडींवर केवळ हाताला मऊ लागावे म्हणून असते. खरोखर विजेसाठी तपासलेल्या पकडीच्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि '१००० व्होल्ट' असे छापलेले असते. ती थोडी महाग पडते, पण घ्यायची तर तीच घ्यावी. आणि ती घेतली म्हणून चालू तारेवर काम करायचे, असे मात्र मुळीच नाही. मोटारीला सुटे चाक असते म्हणून आपण खिळ्यांवरून मोटार नेत नाही.

स्क्रू ड्रायव्हर दोन घ्या: प्लगमधल्या बारीक स्क्रूंसाठी ३ मिलिमीटर रुंद पात्याचा आणि इतर कामाला ६ मिलिमीटरचा. हल्लीच्या वस्तूंना चौफुलीचे स्क्रू असतात, म्हणून एक तसल्या टोकाचाही. पाते स्क्रूच्या खाचेत घट्ट बसले पाहिजे, एवढीच परीक्षा. सैल पाते खाच खाते, आणि खाच गेलेला स्क्रू काढताना अंगावरचे कपडे घामाने भिजतात, हा स्वानुभव आहे.

तार सोलायला बहुतेक घरांत दात, ब्लेड किंवा काडेपेटी वापरतात. तिन्ही वाईट. साधा तार सोलण्याचा चिमटा मिळतो. त्याच्या स्क्रूने तोंड किती मिटावे ते ठरवता येते. त्याची गरज काय, हे एका गणितावरून कळेल. १ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीत ०.२ मिलिमीटर जाडीचे तांब्याचे ३२ पदर असतात. ब्लेडने सोलताना त्यातले ८ तुटले, तर तेवढ्या जागी एक चतुर्थांश तांबे गेले. तिथला रोध तीनाला चार या प्रमाणात वाढला आणि तितक्याच प्रमाणात तिथली उष्णताही. इस्त्रीसारख्या जास्त प्रवाह घेणाऱ्या वस्तूत ती जागा तापते, शेजारचे आवरण कडक होऊन तडकते, उरलेले पदर वाकून वाकून तुटतात, आणि तुटलेला पदर शेजारच्या पिनेला टेकतो. प्लग काळा पडलेला, जळका वास येणारा तुम्ही पाहिला असेल. त्याची सुरुवात बहुधा अशीच झालेली असते.

प्लगवरून आठवले. तीन पिनांच्या प्लगला वायर जोडणे हे या पिशवीतले पहिले संपूर्ण काम, आणि ते वाटते तेवढे सोपे नाही. प्लग उघडला की आत पिनांजवळ एल, एन आणि ई ही इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. अक्षरे पाहूनच तारा लावा. उजवे-डावे लक्षात ठेवू नका, कारण प्लग आतून पाहिला की बाजू उलट होतात. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड व लांब असते. जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात शिरू नये. लांब अशासाठी, की प्लग खुपसताना उपकरणाचा सांगाडा आधी जमिनीशी जोडला जावा आणि मगच फेज यावी, काढताना उलट. हाच विचार पुढे न्या: प्लगच्या आत अर्थिंगची हिरवी तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. कोणी वायर धरून हिसका दिला, तर फेज आणि न्यूट्रल आधी तुटतील आणि संरक्षणाची तार शेवटपर्यंत टिकेल. वायरचे बाहेरचे आवरण प्लगच्या तोंडाशी असलेल्या पट्टीखाली दाबलेच पाहिजे. स्क्रूभोवती तार गुंडाळायची असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते.

चिकटपट्टीचे एक वेटोळे ठेवावे, तेही पीव्हीसीचे, विजेसाठीचे. ताणून, प्रत्येक फेऱ्यात अर्धी पट्टी झाकली जाईल अशी गुंडाळावी. दोन तारांचे जोड कधीही शेजारी-शेजारी येऊ देऊ नयेत. एक इकडे, दुसरा चार बोटे पुढे. म्हणजे पट्टी सुटली तरी उघड्या जागा एकमेकींना भिडत नाहीत. मात्र माझे स्पष्ट मत असे, की इस्त्रीची वायर जोडू नये, बदलावी. पट्टी उष्णतेने सुटते आणि खाली चिकट डिंक तेवढा उरतो.

वितळतारेचे, म्हणजे फ्यूज वायरचे पुठ्ठ्यावर गुंडाळलेले कार्ड जुन्या घरांत हवेच. ५, १० आणि १५ अँपिअरच्या तारा त्यावर वेगवेगळ्या असतात. कल्हई केलेल्या तांब्याची ५ अँपिअरची तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची असते, १५ अँपिअरची सुमारे अर्धा मिलिमीटर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून वायरीतले पाच-सहा पदर एकत्र पिळून घालणारे लोक तुम्हाला भेटतील. "आता उडणार नाही," असे ते अभिमानाने सांगतात. बरोबरच आहे, फ्यूज उडणार नाही. त्याच्याऐवजी भिंतीतली तार वितळेल. फ्यूज एकदा उडाला तर नवी तार घालावी. लगेच दुसऱ्यांदा उडाला तर तार बदलणे थांबवून कारण शोधावे. नव्या घरांत फ्यूजऐवजी आपोआप पडणारे खटके, म्हणजे एमसीबी असतात. त्यांनाही हाच नियम. त्यांच्या शेजारी 'टी' असे लिहिलेले बटण असलेला रुंद खटका असेल, तर तो गळतीवर नजर ठेवणारा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे तो मोजत असतो आणि घरात बसवतात त्या प्रकारात फरक ३० मिलिअँपिअर व्हायच्या आतबाहेर पडतो. वरची ६५ची बेरीज आठवा, म्हणजे ३० हा आकडा का निवडला ते कळेल. महिन्यातून एकदा मोठ्या माणसांना ते 'टी' बटण दाबून पाहायला सांगा.

आता तुमचे स्वतःचे हत्यार. हे विकत आणायचे नाही, करायचे. टेस्टर 'वीज आहे का' ते सांगतो. 'तार आतून सलग आहे का' हे त्याला कळत नाही. त्यासाठी वीज काढलेल्या वस्तूला आपली स्वतःची थोडीशी वीज द्यावी लागते. मी लहानपणी दोन सेल आणि विजेरीचा बल्ब घेऊन असे यंत्र केले होते, आणि त्याने मला चांगलेच फसवले. घरातली ७५० वॅटची इस्त्री मी त्याने तपासली. बल्ब लागला नाही. इस्त्रीचे एलिमेंट जळाले, असे मी जाहीर केले. वडिलांनी नवे आणले. जुने चांगलेच होते! काय चुकले, ते गणिताने पाहा. इस्त्रीचा रोध = २३० गुणिले २३०, भागिले ७५०, म्हणजे सुमारे ७० ओहम. दोन सेलचा दाब ३ व्होल्ट. ३ भागिले ७० म्हणजे जेमतेम ४० मिलिअँपिअर प्रवाह. विजेरीच्या बल्बला उजळायला सुमारे ३०० मिलिअँपिअर लागतात. प्रवाह वाहत होता, बल्बला तो दाखवता येत नव्हता.

म्हणून बल्बऐवजी लाल रंगाचा एलईडी घ्या. दीड व्होल्टचे दोन सेल, १०० ओहमचा रोध आणि एलईडी एकापुढे एक जोडा आणि दोन मोकळ्या तारांना चिमटे लावा. लाल एलईडी स्वतः सुमारे २ व्होल्ट घेतो, उरला १ व्होल्ट. चिमटे एकमेकांना लावले तर १ भागिले १०० म्हणजे १० मिलिअँपिअर. मध्ये इस्त्री आली तर १ भागिले १७० म्हणजे सुमारे ६. दोन्ही वेळा एलईडी स्वच्छ दिसतो. पेटला नाही तर त्याची दोन टोके उलटवून पाहा. एलईडी एकाच दिशेने प्रवाह नेतो.

या परीक्षकाने इस्त्री तपासताना प्लग भिंतीतून काढलेला आणि तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर असला पाहिजे. उष्णतेचे चाक 'चालू'कडे फिरवा, एक चिमटा फेजच्या पिनेला आणि दुसरा न्यूट्रलच्या पिनेला लावा. एलईडी पेटला तर वायर आणि एलिमेंट सलग आहे. पेटला नाही तर वायर इस्त्रीच्या मानेपाशी हळूहळू वाकवून पाहा. तिथेच ती रोज वाकते आणि तिथेच ती आतून तुटते. लुकलुक झाली की चोर सापडला. नंतर अर्थिंगची जाड पिन आणि इस्त्रीचा उघडा धातू यांत चिमटे लावा: पेटलाच पाहिजे. न पेटला तर इस्त्री चालत असली तरी वापरू नका. शेवटी फेजची पिन आणि इस्त्रीचा धातू: इथे मुळीच पेटता कामा नये. पण इथे पेटला नाही म्हणून निःशंक होऊ नका. ३ व्होल्टला अडवणारे आवरण २३० व्होल्टला अडवीलच असे नाही. ते पाहायला वायरमन ५०० व्होल्टचा मेगर वापरतात. आणखी एक मर्यादा: एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर अशा वस्तू याने तपासता येत नाहीत. त्यांच्या आतले इलेक्ट्रॉनिक भाग ३ व्होल्टला दाद देत नाहीत, त्या चांगल्या असल्या तरी. आणि हे यंत्र भिंतीतल्या सॉकेटला कधी, कुणीही लावायचे नाही.

पिशवीत आणखी थोडे किडूकमिडूक: विजेरी, एक जादा प्लग, दोन-चार स्क्रू, पेन्सिल आणि कागद. वस्तू उघडण्याआधी कोणती तार कुठे होती याचे चित्र त्या कागदावर काढावे. आठवणीवर भिस्त ठेवू नये. पिशवी कापडीच बरी, पत्र्याच्या डब्यात हत्यारांच्या मुठींची आवरणे घासली जातात. पायांत कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, मनगटातले घड्याळ आणि बोटातली अंगठी काढलेली.

आणि कोणाला झटका बसून तो तारेला चिकटला, तर त्याला हात लावू नका. तुम्हीही त्याच वाटेत उभे राहाल. धावत जाऊन मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या चपलेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला सारा आणि मोठ्यांना हाक मारा.

पिशवीतली शेवटची वस्तू पुठ्ठ्याची आहे. आमच्या घरी होल्डर नव्याने बसवण्याचे काम चालले होते तेव्हा बाहेरून आलेल्या आजीने घरात अंधार पाहिला आणि "मेन पडला वाटतं," म्हणत तो वर करायला हात उचलला. काकांनी तिथूनच आरोळी ठोकली. फ्यूजचा चिनी मातीचा ठोकळा त्यांनी आधीच काढून आपल्या खिशात ठेवला होता, म्हणून तसे काही झालेही नसते. पण दुसऱ्या दिवशी मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'काम चालू आहे. मेन लावू नये,' आणि वर सुतळीचा फास बांधला. आजीला चष्म्याशिवाय ते वाचता येत नसे, म्हणून खाली लाल खडूने एक हातही काढला, पंजा पसरलेला.